खडूनें लिहिलेलें स्मारक

कराड येथें कृष्णा आणि कोयना या दोन नद्या समोरासमोर येऊन भेटतात, आणि त्या भेटीच्या तीरावर यशवंतराव चव्हाण यांची समाधि आहे. दर वर्षीं २५ नोव्हेंबरला, त्यांच्या पुण्यतिथीच्या दिवशीं, तेथें फुलें वाहण्यासाठीं माणसें जमतात. मंत्री येतात, विद्यार्थी येतात, आणि ज्यांनीं यशवंतरावांस कधीं पाहिलें नाहीं असे तरुणही येतात. पुढें सांगलीस, त्याच कृष्णेच्या कांठीं, वसंतदादा पाटील यांची समाधि आहे. स्मारक म्हटलें म्हणजे अशा बांधीव आणि कोरीव वस्तूच डोळ्यांपुढें उभ्या राहतात. दगड टिकतो, म्हणून स्मारक दगडाचें असावें, ही समजूत फार जुनी आहे.

परंतु लोकांचा आवडता पुढारी जातो त्या दिवशीं दगड कोठून येणार? समिति नेमावयाची, वर्गणी गोळा करावयाची, जागा मिळवावयाची, शिल्पकार ठरवावयाचा. तोंवर वर्षें लोटतात. शोक मात्र त्याच दिवशींचा असतो. त्या पहिल्या दिवशीं, हाताशीं असेल त्या वस्तूनें, समोर दिसेल त्या जागीं, लोक जें स्मारक करतात तें बहुधा खडूचें असतें. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत गांवोगांव चावडीजवळ, वाचनालयाच्या दारांत किंवा तालमीच्या भिंतीवर जो काळा फळा असे, त्यावर तें लिहिलें जाई आणि दोन-चार दिवसांत पुसलें जाई. इतिहासलेखकांचें त्याकडे फारसें लक्ष गेलें नाहीं. ज्यांना तें सहज जतन करतां आलें असतें, त्या छायाचित्रकारांनींही त्याकडे पाठच केली. असें कां झालें, याची हकीकत या दोन जिल्ह्यांच्या राजकारणाइतकीच बोधक आहे.

हा फळा म्हणजे कांहीं मोठी वास्तु नव्हे. दोन-चार फळ्या जोडून काळा रंग दिलेला एखादा तक्ता, किंवा भिंतीचाच एक चौकोन सिमेंटनें गुळगुळीत करून काळा केलेला. पुस्तकी भाषेंत त्याला वार्ताफलक म्हणतात. गांवांत नुसता ‘फळा’ किंवा ‘बोर्ड’ म्हटलें तरी पुरतें. त्यावर ग्रामसभेची सूचना असे, सोसायटीच्या कर्जवाटपाची तारीख असे, पाटाला पाणी केव्हां सुटणार हें असे. कोणाची म्हैस चुकली असेल तर तिच्या शिंगांचें वर्णनही असे, आणि या सर्वांच्या वर, कोपऱ्यांत, एक सुविचार असे. लिहिणारा बहुधा शाळेंतील गुरुजी, वाचनालयाचा कारभारी, किंवा ज्याचें अक्षर वळणदार म्हणून गांवांत नांवाजलेलें आहे असा एखादा तरुण. वर्तमानपत्र एस्. टी. च्या गाडीनें उशिरां येई. त्याच्या आधीं आकाशवाणीवर ऐकलेली बातमी फळ्यावर उतरे. सांगलीस आकाशवाणीचें केंद्र १९६३ सालीं सुरू झालें आणि बातमीचा वेग वाढला. तथापि एकाच्या कानीं पडलेली बातमी सर्व गांवाच्या डोळ्यांपुढें यावयाची ती खडूच्याच वाटेनें.

ही वाट या भागांत इतकी रुळली, याचें श्रेय बऱ्याच अंशीं शाळांना द्यावें लागेल. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं कराडजवळच्या काले या गांवीं रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठीं वसतिगृह काढलें. त्यानंतरच्या तीन-चार दशकांत शेतकऱ्यांच्या घरांतील पहिलीच साक्षर पिढी तयार झाली. पाटी आणि फळा हीं तिचीं पहिलीं साधनें. दौत आणि कागद मागाहून आले, आणि कित्येकांच्या घरीं ते फार मागाहून आले. ज्याच्या आजोबांना अंगठा उठवावा लागला, तो नातू चारचौघांत खडू घेऊन उभा राहतो आणि सर्व गांव तें वाचतें, यांत जो अभिमान होता तो आजच्या शहरी वाचकाला कल्पनेनेंच जाणावा लागेल. पुढाऱ्याच्या निधनाची ओळ लिहिणें हें त्या हाताचें मोठें काम होतें.

अशा प्रसंगीं फळ्यावरील सर्व व्यवहाराचा मजकूर ओल्या फडक्यानें पुसला जाई. म्हैस, पाटाचें पाणी, कर्जाची तारीख, सारें बाजूला. मग चौकट आंखली जाई. कोपऱ्यांत रंगीत खडूनें एखादें फूल किंवा तेवती समई. वरच्या अंगाला ‘दुःखद निधन’, पुढील काळांत ‘भावपूर्ण श्रद्धांजलि’. आणि मध्यें नांव. हें नांव लिहितांना सरकारी दफ्तराचा थाट नाहींसा होई. वसंतराव बंडूजी पाटील हें राजपत्रांतलें नांव झालें. लोकांच्या जिभेवर होते ते ‘दादा’. रावसाहेब रामराव पाटील म्हणजे कोण, असें तासगांवच्या बाजारांत विचारलें असतें तर क्षणभर कोणी उत्तर दिलें नसतें. ‘आबा’ म्हटलें कीं पुरे. दगडावर पदें कोरलीं जातात आणि तीं क्रमानें कोरलीं जातात. फळ्यावर नातें लिहिलें जाई. श्रद्धांजलि हा शब्द मात्र दहा गांवांत दहा प्रकारें लिहिलेला असे, आणि त्या चुका पाहून हसूं येण्यापेक्षां लिहिणाराची घाईच अधिक जाणवे.

येथें एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे. आपल्याकडे जमिनीवर लिहिण्याची, काढण्याची जी खरी जुनी कला, ती रांगोळीची. शिरगोळ्याची पांढरी पूड, तिला चिमटींतून सोडण्याचें कसब, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं झाडूनें तें सर्व नाहींसें होणार हें ठाऊक असूनही काढणाराचा चोखपणा, हीं सर्व घरोघर होतीं. मग शोकासाठीं रांगोळी कां पुढें आली नाहीं? कारण उघड आहे. रांगोळी मंगलाची खूण. ज्या घरीं सुतक असेल त्या घरापुढें ती काढीत नाहींत. पुण्यतिथीला आणि जयंतीला चौकांत पुढाऱ्याचें चित्र रांगोळीनें रेखाटण्याची चाल पुढें महाराष्ट्रांत सर्वत्र पडली, परंतु प्रत्यक्ष निधनाच्या दिवशीं हात रांगोळीकडे जात नाहीं. खडूला तसा विधिनिषेध नाहीं. तो शाळेंतून आला, देवघरांतून नव्हे. म्हणून तो सर्व जातींच्या आणि धर्मांच्या माणसांना सारख्याच मोकळेपणानें वापरतां आला.

खडूच्याही आधीं या भागांत भिंती लिहिल्या गेल्या होत्या, पण त्या निराळ्या कारणानें. १९४२ च्या ऑगस्टनंतर चुना, गेरू, कोळसा, जें मिळेल त्यानें ‘चले जाव’ ची अक्षरें रातोरात उमटूं लागलीं. त्या वेळीं सांगली हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हांच्या सातारा जिल्ह्यांत मोडत असे, आणि मधूनमधून सांगली, मिरज, औंध अशा संस्थानांचे तुकडे विखुरलेले होते. ३ सप्टेंबरला तासगांवच्या कचेरीवर मोर्चा गेला. ९ सप्टेंबरला वडूज येथें गोळीबार होऊन परशुराम घार्गे आणि त्यांचे साथी पडले. दुसऱ्याच दिवशीं इस्लामपुरास किर्लोस्करवाडीच्या कारखान्यांतील तरुण इंजिनिअर उमाशंकर पंड्या आणि विष्णु बारपटे यांना गोळ्या लागून मृत्यु आला. पुढें १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालीं प्रतिसरकार उभें राहिलें, कुंडलच्या परिसरांत तुफान सेना तयार झाली, आणि २४ जुलै १९४३ रोजीं वसंतदादा आपल्या सोबत्यांसह सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हे त्या पाठलागांत मारले गेले, आणि दादा गोळी लागून पुन्हां पकडले गेले.

या माणसांसाठीं त्या वेळीं भिंतींवर काय लिहिलें गेलें, याचें चित्र आज कोणाच्याही संग्रहांत सहसा सांपडत नाहीं. भूमिगतांच्या दृष्टीनें छायाचित्र म्हणजे पोलिसांच्या हातीं आयता दिलेला पुरावा. ज्या घरावर घोषणा लिहिली त्या घराचा मालक, ती पुसावयास लावलेला पोलीसपाटील, रस्त्यांत उभीं असलेलीं पोरें, हीं सर्व त्यांत सांपडलीं असतीं. म्हणून तो शोक कागदावर न उतरतां गळ्यांत उतरला. शाहीर शंकरराव निकम आणि त्यांचे सोबती पोवाड्यांतून तो गांवोगांव घेऊन गेले. दगड पुष्कळ उशिरां आला. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षांत, म्हणजे १९७२ च्या सुमारास, ठिकठिकाणीं स्वातंत्र्यसैनिकांच्या नांवांचे स्तंभ उभारले गेले. त्यांवर नांवें आहेत. त्या नांवांच्या माणसांसाठीं पहिल्या रात्रीं कोणी काय लिहिलें, हें स्तंभाला ठाऊक असण्याचें कारण नाहीं.

भय सरल्यावर तरी कॅमेऱ्यानें या अक्षरांकडे पाहावयास हवें होतें. तें झालें नाहीं, आणि याचें मूळ शोधतांना थोडें मागें जावें लागतें. छायाचित्रणाची कला आपल्याकडे कांहीं नवी नव्हती. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालींच स्थापन झाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु नारायण दाजी हे त्या कलेंत निपुण होते. परंतु आरंभापासून या कलेचा सारा रोख चेहऱ्यावर राहिला. १ ऑगस्ट १९२० रोजीं लोकमान्य टिळक मुंबईस सरदारगृहांत वारले, त्या वेळचें जें चित्र महाराष्ट्राच्या स्मरणांत रुतून बसलें, तें त्यांच्या अचेतन देहाचें आहे. पद्मासनांत बसविलेला, डोईला पगडी, भोंवतीं फुलें. पुढाऱ्याचें अखेरचें दर्शन म्हणजे त्याच्या मुखाचें दर्शन, ही धर्मभावना कॅमेऱ्यानें जशीच्या तशी उचलली. मासिकांनीं आणि वर्तमानपत्रांनींही तेंच केलें. १९२० सालींच किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघूं लागली; अशा नियतकालिकांतून चित्र छापावयाचें तर त्याचा ठसा करावा लागे, ठशाला पैसे पडत, आणि पैसे खर्चून छापावयाचा तो मुखवटा छापावा, हें कोणताही संपादक म्हणाला असता.

खर्चाची ही गोष्ट हलकी समजूं नये. तालुक्याच्या गांवीं एखादा छायाचित्रकार असे. त्याच्या दुकानांत रंगविलेला पडदा, एक खुर्ची, एक कुंडी. लग्न, शाळेचा निरोपसमारंभ, साखर कारखान्याची मोळी टाकण्याचा सोहळा, आणि घरांत कोणी वारलें तर प्रेतासह कुटुंबाचें अखेरचें चित्र, इतकीं त्याचीं कामें. त्याच्या चौकोनी कॅमेऱ्यांत जी फिल्म बसे तिच्यावर बारा चित्रें निघत. त्या बारांतील एक चित्र चौकांतल्या फळ्यासाठीं खर्ची घालण्याचें त्याच्या मनांत येणें शक्यच नव्हतें. तें विकत घेणार कोण? शिवाय फळ्याचें चित्र घेणें वाटतें तितकें सोपें नाहीं. समोरून ऊन आलें तर काळा रंग चकाकतो आणि खडूची पातळ पूड त्या चकाकींत विरून जाते. ऊन तिरपें हवें, कॅमेरा अगदीं समोर आणि सरळ हवा, आणि सावलींत असलेल्या फळ्याला प्रकाश किती वेळ द्यावयाचा याचा अंदाज पक्का हवा. गर्दी लोटली असतां, सर्वांचें लक्ष अंत्ययात्रेकडे असतां, इतकी तसदी कोण घेणार?

यशवंतरावांचें निधन २५ नोव्हेंबर १९८४ रोजीं दिल्लींत झालें. देवराष्ट्रें या गांवीं १९१३ सालीं त्यांचा जन्म झाला. कराडच्या टिळक हायस्कुलांत शिकत असतां १९३२ च्या स्वातंत्र्यदिनीं झेंडा लावल्याबद्दल त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली होती. पुढें तेच महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले, आणि नंतर देशाचे संरक्षणमंत्री. त्यांचें जन्मगांव आज सांगली जिल्ह्यांत आहे आणि समाधि सातारा जिल्ह्यांत. तेव्हां दोन्ही जिल्ह्यांनीं तो शोक आपला मानावा हें स्वाभाविक होतें. २७ नोव्हेंबरला कराडला त्यांच्या पार्थिवावर अंत्यसंस्कार झाले. अशा दिवसाचीं छायाचित्रें पाहिलीं म्हणजे त्यांत काय दिसतें? फुलांनीं झांकलेला देह, मोठमोठे नेते, नदीकांठची अलोट गर्दी. कराडांतील त्यांच्या ‘विरंगुळा’ या निवासस्थानीं त्यांच्या आयुष्याचीं चित्रें जतन करून ठेवलीं आहेत, आणि तीं पाहणें हा एक चांगला अनुभव आहे. पण जी गर्दी नदीकांठीं उभी होती ती आपापल्या गांवाहून निघण्यापूर्वीं काय वाचून निघाली, हें कोणत्याही अंत्ययात्रेच्या चित्रांत येत नाहीं. चित्रांत माणसें मोजतां येतात. त्यांचे शब्द मात्र फळ्यांवर राहिले. पुढें १ मार्च १९८९ रोजीं वसंतदादा गेले, तेव्हांही निराळें कांहीं घडल्याचें दिसत नाहीं.

खडू आणि कॅमेरा यांची वेळेवर गांठ पडली म्हणजे काय होतें, हें पाहावयाचें तर सातारा-सांगलीपासून फार दूर, कॅनडांतील टोरोंटो शहरीं जावें लागतें. तेथील न्यू डेमोक्रॅटिक पार्टीचे नेते जॅक लेटन हे २२ ऑगस्ट २०११ रोजीं, वयाच्या ६१ व्या वर्षीं, कर्करोगानें वारले. त्याच वर्षीं मे महिन्यांत झालेल्या निवडणुकींत त्यांच्या पक्षाला १०३ जागा मिळून तो इतिहासांत प्रथमच अधिकृत विरोधी पक्ष झाला होता. मृत्यूच्या दोन दिवस आधीं त्यांनीं देशबांधवांना उद्देशून एक पत्र लिहून ठेवलें होतें. राग आणि भीति यांपेक्षां प्रेम आणि आशा यांवर विसंबा, असा त्याचा आशय होता. लेटन पूर्वीं त्या शहराचे नगरसेवक होते. म्हणून नगरभवनापुढील नेथन फिलिप्स चौकांत लोक जमूं लागले. तेथें फळा नव्हता. तेथें काँक्रीटच्या उंच भिंती आणि मोठें फरसबंद पटांगण होतें. कोणीतरी खडूनें दोन शब्द लिहिले, दुसऱ्यानें त्याखालीं आणखी लिहिले, आणि पाहतां पाहतां भिंती आणि जमीन अक्षरांनीं भरून गेली. त्या पत्रांतील शेवटचे शब्द तर पुनःपुन्हां उमटले.

त्याच आठवड्यांत पाऊस पडला आणि बरीचशी अक्षरें वाहून गेलीं. लोक पुन्हां आले आणि पुन्हां लिहूं लागले. या वेळीं मात्र एक मोठा फरक होता. जवळजवळ प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा होता. नेत्याचा चेहरा तेथें नव्हताच. तेव्हां लोकांनीं चित्रें घेतलीं तीं अक्षरांचीं, हातभर हातभर भिंतीचीं, लहान मुलाच्या हातच्या एका ओळीचीं. पावसापूर्वींचीं आणि पावसानंतरचीं अशीं दोन्ही चित्रें राहिलीं, त्यामुळें काय पुसलें गेलें आणि काय पुन्हां लिहिलें गेलें, याचा ताळा आज घेतां येतो. २७ ऑगस्टला सरकारी इतमामानें अंत्यविधि झाला, आणि त्याचें वर्णन नेहमींप्रमाणें वर्तमानपत्रांत आलें. परंतु त्या आठवड्यांत लोकांना काय वाटलें हें ज्याला अभ्यासावयाचें असेल, तो वर्तमानपत्रांच्या आधीं खडूचीं हीं चित्रें काढून बसेल.

मग आपल्याकडेही खिशांत कॅमेरे आल्यावर हेंच व्हावयास पाहिजे होतें. तें कां झालें नाहीं? टोरोंटोनंतर चारच वर्षांनीं, १६ फेब्रुवारी २०१५ रोजीं, आर. आर. पाटील मुंबईस वारले. तेही कर्करोगानें गेले, आणि तेव्हां त्यांचें वय ५७ वर्षांचें होतें. तासगांव तालुक्यांतील अंजनी हें त्यांचें गांव. ‘कमवा आणि शिका’ योजनेंत राबून ते शिकले, अनेक वर्षें आमदार राहिले, ग्रामविकासमंत्री आणि गृहमंत्री झाले. संत गाडगेबाबांच्या नांवानें चालविलेलें ग्रामस्वच्छतेचें अभियान हें त्यांचें सर्वांत लोकप्रिय काम; त्या अभियानानें गांवच्या भिंती स्वच्छ केल्या, रंगविल्या आणि त्यांवर सुवचनें लिहविलीं. म्हणजे भिंतीवर लिहिण्याची संवय ज्यांनीं पुन्हां जागी केली, तेच आबा. दुसऱ्या दिवशीं अंजनीस त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, तेव्हां सारा परिसर लोटला होता आणि हातोहातीं भ्रमणध्वनीचे कॅमेरे होते.

परंतु तोंवर फळ्याची जागा दुसऱ्याच वस्तूनें घेतली होती. ती वस्तु म्हणजे फ्लेक्स. प्लॅस्टिकच्या कापडावर यंत्रानें छापलेला, दोन बांबूंवर ताणलेला, दहा-पंधरा फुटी फलक. तो तासाभरांत छापून मिळतो. त्यावर शुद्धलेखनाची चूक झालीच तर ती सर्व चौकांत एकसारखी होते. वर दिवंगताचें चित्र, आणि खालीं ‘शोकाकुल’ म्हणून पंधरा-वीस जणांचीं चित्रें, ज्यांत पुढील निवडणुकीचे उमेदवारही हात जोडून उभे. क्वचित् दिवंगताहून शोकाकुलांचेच चेहरे मोठे. या फलकांचा उपद्रव इतका वाढला कीं साताऱ्याच्याच सुस्वराज्य फाउंडेशन या संस्थेनें बेकायदा फलकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयांत जनहित याचिका दाखल केली, आणि २०१७ च्या जानेवारींत न्यायालयानें राज्यांतील सर्व नगरपालिका व महानगरपालिकांना त्याबद्दल सक्त आदेश दिले. त्याआधीं १९९५ मध्येंही मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध राज्याचा कायदा झालेला होताच. या कायद्यांचा रोख योग्य आहे. त्यांच्याविषयीं तक्रार करण्याचें कारण नाहीं. फक्त या सर्व खटाटोपांत हातानें लिहिलेला साधा फळा, ज्यानें कधींच कोणाची वाट अडविली नव्हती, तोही मागें पडला, एवढें नोंदवून ठेवावें.

तेव्हां हकीकत अशी झाली. ज्या काळांत गांवोगांव खडूचीं अक्षरें होतीं, त्या काळांत तेथें कॅमेरा नव्हता, आणि असला तरी त्याची बारा चित्रें चेहऱ्यांसाठीं राखलेलीं होतीं. ज्या काळांत घरटीं दोन-दोन कॅमेरे आले, त्या काळांत टिपावयाचें अक्षरच राहिलें नाहीं. छापलेल्या फ्लेक्सचें छायाचित्र म्हणजे छायाचित्राचेंच छायाचित्र. या दोन काळांच्या फटींतून निदान तीन मोठ्या नेत्यांचा लोकांनीं केलेला पहिला शोक निसटून गेला आहे. ही हानि भावनेपुरती नव्हे. समजा, १९८४ च्या त्या नोव्हेंबरांतील पन्नास गांवांच्या फळ्यांचीं चित्रें उपलब्ध असतीं. कोणत्या गांवानें ‘साहेब’ लिहिलें, कोणीं ‘यशवंतराव’, कोणीं नुसतें सरकारी पदनाम. कोठें बाजार बंद ठेवण्याची सूचना होती आणि कोठें नव्हती. मुळांत कोणत्या गांवानें फळा पुसलाच नाहीं. यांवरून त्या वेळच्या राजकारणाचा असा नकाशा निघाला असता कीं मतमोजणीच्या आंकड्यांतून तो कधींच निघत नाहीं. यशवंतरावांच्या उत्तरायुष्यांत त्यांच्यावर रुष्ट झालेलेही लोक होते, आणि वसंतदादांचेंही सरकार त्यांच्याच जिल्ह्यांतील सर्वांना गोड लागत होतें असें नाहीं. स्मारकाच्या दगडाला हें सांगतां येत नाहीं. त्याला सर्वच नेते सारखे वंद्य.

छायाचित्र तरी सर्व सांगेल असें नव्हे. कोणीं लिहिलें, हें त्यांत येत नाहीं. लिहिणारानें कधींच खालीं आपलें नांव घातलेलें नसे. लिहितांना भोंवतीं कोण उभे होते आणि कोणता शब्द कोणाच्या सांगण्यावरून बदलला, हें सांगणारीं माणसें अजून कांहीं गांवांत आहेत, आणि त्यांचीं वयें आतां सत्तरीच्या पुढें गेलीं आहेत. त्यांना विचारावयाचें तर लवकर विचारलें पाहिजे. कांहीं गांवांत फळेही आहेत, आणि त्यांवर अद्याप ग्रामसभेच्या तारखा आणि सुविचार लिहिले जातात. तेथें पुन्हां कधीं चौकट आंखली गेली, तर ती पुसण्यापूर्वीं एक चित्र घेण्यास आज एका पैशाचाही खर्च येत नाहीं. ऊन मात्र तिरपें पाहावें.

खडूचा धर्मच असा कीं ज्या मऊपणामुळें तो लिहितो, त्याच मऊपणामुळें तो पुसला जातो. तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशीं कोणीतरी मुलगा बादलींत फडकें बुडवून फळ्यावरून फिरवी, कारण पाटाला पाणी सुटण्याची तारीख लिहावयाची असे. ओला असेपर्यंत फळा अगदीं काळाभोर दिसे. मग तो उन्हांत वाळूं लागे, आणि फडक्यानें न निघालेली पूड हळूहळू पांढुरकी होऊन चौकटीची रेघ, समईचा दांडा आणि मोठ्या अक्षरांतलें नांव पुसटपणें पुन्हां दिसूं लागे. लिहिणारा तें पाही, आणि पाण्याची तारीख जरा खालच्या बाजूला लिही.